न गळलेले केस कोण मोजतो?

केसगळतीवर औषध घेणाऱ्या पुरुषाची तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात मावते : 'डॉक्टर, काही फरक नाही.' हे वाक्य कधी तिसऱ्या आठवड्यात येतं, कधी तिसऱ्या महिन्यात. वर्षभर थांबून मग असं म्हणणारे फार थोडे. त्वचारोगाच्या प्रॅक्टिसमध्ये हे ऐकत आल्यावर माझं मत असं बनलं आहे, की तक्रारीचा रोख औषधावर असला तरी तिचं मूळ वेळेच्या हिशेबात असतं. केस महिन्यांच्या हिशेबाने चालतो. चारचौघांतली टिंगल मात्र रोजची असते. माणूस औषधाला टिंगलीच्या वेगाने पळायला सांगतो, औषधाला ते जमत नाही, आणि उपचार सुटतो. आम्ही डॉक्टर टाळूपुरतं बघतो आणि टिंगलीचा भाग 'तो काही वैद्यकाचा विषय नाही' म्हणून सोडून देतो. माझं म्हणणं असं, की तो वैद्यकाचाच विषय आहे. लाजेकडे डोळेझाक करून लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन कागदावर कितीही बरोबर असलं, तरी पेशंट ते पुरं करत नाही.

आधी वेळेचा हिशेब. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस आपल्या स्वतंत्र वेळापत्रकाने जगतो. दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे बदलाचा काळ, मग सुमारे तीन महिने नुसती विश्रांती. त्यानंतर तो गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. म्हणूनच रोज ५० ते १०० केस गळणं हे निरोगी डोक्यातही चालूच असतं. पुरुषी टकलात होतं काय, तर टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कपाळाच्या कडेची आणि माथ्यावरची मुळं दर फेरीगणिक आक्रसवत नेतं. वाढीचा काळ आखडतो, केस आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिका उगवतो. मागच्या आणि कानांवरच्या मुळांना या संप्रेरकाची बाधा जवळजवळ होत नाही, म्हणून ती झालर शेवटपर्यंत टिकते. आज उशीवर दिसलेला केस गळायचं ठरलं ते तीन महिन्यांपूर्वी. आज लावलेल्या औषधाने एखादं मूळ जागं झालं, तरी केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. शिवाय घनता निम्म्याच्या आसपास उतरेपर्यंत विरळपणा नजरेत भरत नाही. त्यामुळे 'दोन महिन्यांपासूनच गळायला लागलेत' असं सांगणारा तरुण खरं तर काही वर्षांची घट डोक्यावर घेऊन आलेला असतो, आणि ती घट दोन महिन्यांत भरून निघावी अशी त्याची अपेक्षा असते.

या दोन महिन्यांच्या कहाणीत आरोपीही तयार असतात. हॉस्टेलचं बोअरचं पाणी, हेल्मेट, बदललेला शाम्पू, रात्रपाळी, आणि आई सोबत आली असेल तर हमखास 'तेल लावायला नको यांना'. केस माखले तर ते मऊ होतात, चमकतात. मुळावरच्या संप्रेरकाला खोबरेलाचं काही वाटत नाही. खरं कारण शोधायला दोन वेगळ्याच निरीक्षणांनी मदत केली. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की वयात येण्याआधीच वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांनाच पुरुषी संप्रेरक दिलं, की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. म्हणजे अनुवंश आणि संप्रेरक दोन्ही हवेत, एकाने भागत नाही. पुढे १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारं विकर त्या पुरुषांत जन्मतःच कमी होतं, आणि त्यांच्यात कपाळ मागे सरकल्याचं आढळत नव्हतं. हेल्मेट आणि बोअरचं पाणी या प्रकरणात निर्दोष सुटायला इतकं पुरे आहे. पण आरोप काही सुटत नाहीत, कारण पाणी बदलता येतं, शाम्पू बदलता येतो, आणि बदलता येण्यासारखं कारण माणसाला नेहमीच बरं वाटतं.

डर्मोस्कोपखाली टाळू धरली, की हीच गोष्ट डोळ्यांनी वाचता येते. मागच्या बाजूला एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन केस झुबक्याने वर आलेले असतात, सगळे जवळपास सारख्या जाडीचे. तेच भिंग माथ्यावर नेलं, की झुबके संपतात. एका छिद्रात एकच केस, शेजारी त्याच्या निम्म्या जाडीचा दुसरा, त्याच्या पलीकडे जेमतेम दिसणारी लव. जाड-बारीक केसांची ही सरमिसळ म्हणजेच निदान. चित्र पेशंटलाही पडद्यावर दाखवावं, कारण त्यात एक चांगली बातमी दडलेली असते : बारीक झालेलं मूळ अजून जिवंत आहे. वाईट बातमी अशी, की औषधाचं पहिलं काम या बारीक केसाला जाड करण्याचं आहे, आणि जाडीत पडलेला फरक बाथरूमच्या आरशात दिसत नाही. तिथे दिसतं ते जाळीवर अडकलेल्या केसांचं पुंजकं. पेशंट त्या पुंजक्यावरून औषधाला गुण देतो आणि आम्ही भिंगातून. दोघांच्या गुणपत्रिका जुळत नाहीत.

ज्या आकड्यांवर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे ते आकडे फिनास्टेराइडचे. हे औषध डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या विकरालाच रोखतं. प्रोस्टेटसाठी ते १९९२ मध्ये अमेरिकेत आलं, आणि एक मिलिग्रॅमच्या गोळीला टकलासाठी डिसेंबर १९९७ मध्ये मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचण्यांत १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. माथ्यावरच्या एक इंच व्यासाच्या वर्तुळातले केस मोजायचे, अशी पद्धत होती. सुरुवातीला त्या वर्तुळात सरासरी ८७६ केस होते. एका वर्षानंतर औषध घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे यांच्यात १०७ केसांचा फरक पडला, दोन वर्षांनी १३८ केसांचा. पाच वर्षांपर्यंत चाललेल्या गटाचे आकडे मला सगळ्यात बोलके वाटतात. औषध घेणाऱ्यांच्या वर्तुळात पाच वर्षांनी मूळच्या संख्येपेक्षा फक्त ३८ केस जास्त होते. साखरेची गोळी घेणाऱ्यांचे २३९ केस गेले होते. म्हणजे औषधाची खरी कमाई २७७ केसांची, आणि त्यांतले २३९ केस असे, की जे आधीही होते आणि अजूनही आहेत. पाच वर्षं रोज गोळी घेणाऱ्याला आरशात दिसणार ३८ केस, तेही मोजले तर. गोळी न घेता तो कसा दिसला असता तो माणूस काही आरशात शेजारी उभा राहत नाही. मग 'काही फरक नाही' हे वाक्य खोटं कसं म्हणावं? फरक पडलाच नाही, हाच तर औषधाचा विजय. पण पेशंट तो हार म्हणून सांगतो, आणि बऱ्याचदा डॉक्टरही हार समजूनच पुढचं महागडं औषध लिहितो.

मिनॉक्सिडिलचं दुखणं वेगळं. हे मुळात रक्तदाबाचं औषध, १९७९ साली गोळीच्या रूपात आलेलं. ते घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढायला लागले, आणि दुष्परिणामाचंच औषध झालं. डोक्यावर लावायचं द्रावण १९८८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते विश्रांतीत पडलेल्या मुळांना ढोसून नव्या वाढीला लावतं, तेव्हा जुना केस आधी बाहेर पडतो. परिणामी पहिले दीड-दोन महिने केस जास्त गळतात. याचा अर्थ औषधाने मुळावर काम सुरू केलं आहे असा घेता येतो, पण हे आधी कोणी सांगितलेलं नसेल तर पेशंटला दिसतं एवढंच, की पैसे भरून टक्कल लवकर पडतंय. बाटली याच टप्प्यावर कपाटात जाते. काहीजण ती सोडून दुसरी घेतात, काही दोन्ही सोडून कांद्याचा रस. ज्यांना हे अगोदर सांगितलेलं असतं तेही वैतागतात, पण त्यांचा फोन येतो. बाकीच्यांचा येत नाही. ते थेट पुढच्या दवाखान्यात, नाहीतर दवाखान्यासारखी दिसणारी खोली असलेल्या एखाद्या 'सेंटर'मध्ये जातात. तिथे त्यांना तीन महिन्यांचं पॅकेज मिळतं. तीन महिने हा आकडा सोयीचा असतो : केसाच्या चक्रात तेवढ्यात काही सिद्ध होत नाही आणि नासतही नाही, हप्ते मात्र पूर्ण होतात.

माणूस इतका उतावीळ का होतो, याचं उत्तर 'आजच्या पिढीला धीर नाही' असं दिलं जातं. मला ते पटत नाही. हीच मुलं स्पर्धा परीक्षेसाठी पाच-पाच वर्षं पुण्यात खोली घेऊन राहतात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा महिने निमूट व्यायाम करतात. धीर त्यांच्याकडे आहे. केसांच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण गुडघ्यावरून कोणी रोज डिवचत नाही. टकल्या, चमनगोटा, 'लाइट मारू नकोस रे डोक्याचा', 'पैसा येणार दिसतोय' : हे सगळं हसत हसत, जवळच्याच माणसांकडून आणि बहुतेक वेळा भरल्या घरात. एखाद्याच्या रंगावरून, वजनावरून बोलताना आता निदान काही घरांत जीभ चावली जाते. टकलावर विनोद करायला अजून परवाना लागत नाही. त्यातून पुरुषाने याचं वाईट वाटून घेणं हा आणखी एक विनोद. बाई केस गळतात म्हणून रडली तर तिला जवळ घेतात. पुरुष नुसता गप्प झाला तरी 'एवढं काय त्यात' हे ऐकतो. म्हणून तो बोलत नाही. टोपी घालतो, समोरचे केस मागून पुढे ओढतो, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभा राहतो, लिफ्टमधल्या वरून पडणाऱ्या उजेडाखाली मान वाकवायचं टाळतो. केस तपासताना टाळूला हात लावला की अंग चोरणारे पुरुष किती असतात, हे केसांच्या पेशंटना नियमित बघणाऱ्याला विचारावं.

यात लग्नाचा बाजार आणखी भर घालतो. बायोडेटाला जोडलेला फोटो दोन-तीन वर्षांपूर्वीचा असतो आणि कांदेपोह्यांच्या वेळी समोर आजचं डोकं येतं. ग्रामीण भागात, जिथे शेती करणाऱ्या मुलांना मुलगी मिळणं आधीच मुश्कील झालं आहे, तिथे नकाराला आणखी एक आयतं कारण मिळतं. अशा मुलाला मी 'वर्षभर थांब' म्हणतो तेव्हा त्याच्या घरात ते वर्ष वेगळ्याच हिशेबाने मोजलं जात असतं, आणि वय तिशीकडे चाललेलं असतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये या विषयावरचे दोन हिंदी चित्रपट आठवड्याच्या अंतराने आले, 'उजडा चमन' आणि 'बाला'; पहिला तर २०१७ च्या एका कन्नड चित्रपटावर बेतलेला. दोन्हींचा शेवट स्वतःला स्वीकारण्यावर होतो. पण तिथे पोहोचेपर्यंत थिएटरात जे हशे वसूल होतात ते बहुतांशी टकलावरच होतात. विनोद फार जुना आहे, हेही मान्य केलं पाहिजे. भर्तृहरीच्या नीतिशतकात दुर्दैवी माणसाचं उदाहरण हवं झालं, तर त्यालाही डोक्यावर फळ पडलेला खल्वाटच सापडला.

आणि तरीही नुसतं केस नसणं लाजिरवाणं असतं असं मुळीच नाही. तिरुपतीहून मुंडण करून आलेल्याला कोणी हसत नाही. मुंजीतल्या बटूला हसत नाहीत, वडिलांच्या दहाव्याला केस उतरवलेल्या माणसाकडे तर आदराने बघतात. याउलट याच महाराष्ट्रात विधवांचं केशवपन त्यांना माणसांतून उठवण्यासाठी केलं जाई, आणि त्याविरुद्ध १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचं नाकारलं. टाळू तीच; मान द्यायचा की अपमान करायचा हे ठरतं ती कोणी, कशासाठी मोकळी केली यावरून. पुरुषी टकलात तर कोणीच काही केलेलं नसतं. ते आपोआप होतं, थांबवता येत नाही, आणि वय झाल्याची जाहिरात पंचविशीतच करतं. हसणाऱ्याला त्यातली हतबलता दिसते, म्हणून हसायला सोपं जातं, असं मला वाटतं. हे सिद्ध करता येणार नाही, पण मुंडणाचं उदाहरण एवढं नक्की सांगतं, की दोष केसांच्या संख्येत नाही.

याची एक मोठी, नको असलेली चाचणी बुलढाणा जिल्ह्यात झाली. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत बायका, पुरुष, लहान मुलं अशा सगळ्यांचेच केस काही दिवसांत हातात यायला लागले. १८ गावांत २७९ जणांची नोंद झाली. पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले, आयसीएमआरची माणसं आली, आणि विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासण्या करून गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. पुष्कळांचे केस पुढच्या काही आठवड्यांत परत यायला लागले. मूळ शाबूत असलं आणि कारण दूर झालं की असंच होतं. पण तेवढ्या काळात पोरं शाळेत जायची थांबली, लोकांनी लाजेने सरसकट डोकी भादरून घेतली, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. इथे ना वय होतं, ना आनुवंशिकता, ना कोणाची हौस. सगळं गाव एकाच संकटात असूनही गावाबाहेरच्या नजरेने आपलं काम केलंच. त्याचबरोबर हेही दिसलं, की सगळ्यांचं एकदम गेलं तेव्हा त्याला साथ म्हणाले, यंत्रणा धावली, कोणी 'नखरे' म्हटलं नाही. एकेकट्याचे, पंधरा वर्षांत हळूहळू गेले, तर मात्र तो ज्याचा त्याचा प्रश्न.

आता आक्षेप. पहिला आमच्याच व्यवसायातून येतो : याने कोणी मरत नाही, कॅन्सर आणि कुष्ठरोग सोडून केसांवर वेळ कशाला घालवायचा? सरकारचाही कल साधारण हाच आहे. वैद्यकीय सेवा जीएसटीतून वगळताना हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन सवलतीबाहेर ठेवलं आहे. शरीराची हानी भरून काढण्यासाठी असेल तरच सूट. म्हणजे कायद्याच्या लेखी ही चैन. पण औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांचं 'शेड्यूल जे' उघडून बघितलं, तर ज्या व्याधींवर इलाज केल्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही त्यांच्या यादीत कॅन्सर, अंधत्व यांच्या रांगेत टक्कलही आहे, आणि नवे केस उगवण्याचा दावाही. ही यादी करणाऱ्यांना ठाऊक होतं, की टकलाने गांजलेला माणूस फसवायला सोपा असतो. चैनीच्या वस्तूसाठी कोणी इतका अगतिक होत नाही. चैन म्हणून कर घ्यायचा आणि अगतिकता म्हणून संरक्षण द्यायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायच्या असतील, तर निदान डॉक्टरने दुसरीवर जास्त विश्वास ठेवावा. दावे मात्र रोज टीव्हीवर, मोबाइलवर आणि एसटीच्या पाठीवर दिसतात, ते सोडा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. लोक म्हणतात, टकलाला औषध देऊन तुम्हीच त्याला रोग ठरवता. त्यापेक्षा सरळ डोकं भादरावं आणि मोकळं व्हावं. यातलं निम्मं मी मान्य करतो. ज्याला जमतं त्याने खुशाल करावं. सातव्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीतल्या टकलावर औषधाचा खर्च करण्यापेक्षा ते केव्हाही शहाणपणाचं. पण सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. बेंगळुरूतल्या ऑफिसात सफाचट डोकं ही फॅशन असते, आपल्याकडे अनेक घरांत 'वडील हयात असताना डोकं कशाला भादरतोस' असं विचारणारी आजी असते. आणि मुख्य म्हणजे या सल्ल्यात हसणाऱ्यांना काहीच करावं लागत नाही. ज्याला हसलं जातं त्यानेच आधी मन घट्ट करायचं, मग वस्तरा आणायचा. बावीस वर्षांच्या मुलाला, ज्याची मुळं अजून भिंगाखाली जिवंत दिसतात, 'स्वीकार' हा एकच पर्याय पुढे ठेवणं म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेऊन टाकणं आहे. औषधाने काय होईल, काय होणार नाही हे आकड्यांनिशी कळल्यावर त्याने वस्तरा निवडला, तर ती निवड त्याची.

तिसरा आक्षेप दुष्परिणामांचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. फिनास्टेराइडचं नाव काढलं, की पेशंटच्या खिशातला मोबाइल आधीच सगळं सांगून बसलेला असतो. मूळ चाचण्यांत लैंगिक स्वरूपाची तक्रार औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के पुरुषांनी केली, साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांनी. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोस्टेटच्या पेशंटना पाच मिलिग्रॅमचीच गोळी दिली. ज्यांना लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात असं आधी सांगितलं त्यांच्यातल्या ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांमध्ये १५.३ टक्क्यांनी. भीतीनेही लक्षणं येतात, हे यावरून दिसतं. पण म्हणून लपवायचं, हा निष्कर्ष मी काढणार नाही. २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं आहे. त्यामुळे गोळी लिहिण्याआधी झोप कशी आहे, मन लागतं का, पूर्वी डिप्रेशनचं काही झालं होतं का, हे विचारणं भागच आहे. इथे माझा मूळ मुद्दा पुन्हा समोर येतो. केसांवरून ज्याची वर्षानुवर्षं खिल्ली उडवली गेली तो तरुण मुळातच खचलेला असू शकतो. त्याची लाज 'आमचा विषय नाही' म्हणून सोडून दिली, तर गोळी कोणाला देऊ नये हेच आम्हाला कळणार नाही.

राहता राहिलं ट्रान्सप्लांट, म्हणजे ज्याच्याकडे सगळे झटपट उत्तर म्हणून बघतात ते. न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात दाखवलं, की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मागचा स्वभाव सोडत नाही. तिथून ही शस्त्रक्रिया सुरू झाली आणि चांगल्या हातांत ती उत्तम होते. पण झटपट ती नाहीच. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून जातात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे डोकावतात, पूर्ण रूप यायला वर्ष लागतं. दीड लाख रुपये मोजले म्हणून केसाचं वेळापत्रक बदलत नाही. शिवाय मागची शिल्लक ठरावीक आहे, आणि आजूबाजूचे मूळचे केस औषधाविना गळतच राहतात, त्यामुळे पंचविशीत पुढची रेषा दाट करून घेतलेल्याच्या मागे पस्तिशीत मोकळं मैदान पडलेलं दिसू शकतं. घाई इथे जिवावरही बेतते. २०१९ साली मुंबईत एकाच बैठकीत हजारो ग्राफ्ट लावून घेतलेल्या एका माणसाचा दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला स्पष्ट लिहावं लागलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून ही शस्त्रक्रिया करता येणार नाही. असं लिहावं लागतं, यावरून काय चाललं असेल ते कळतं.

मग दवाखान्यात करायचं काय? वेगळं औषध माझ्याकडे नाही. पहिल्या भेटीतच यश म्हणजे काय ते ठरवून कागदावर लिहायचं : एवढ्या महिन्यांनी एवढं, आणि 'आहे तेवढं राहिलं' हेही यशच. फोटो काढायचा तो दर वेळी त्याच उजेडात, कोरड्या केसांचा, भांग त्याच जागी, आणि मधल्या काळात पेशंटने स्वतःचे काढलेले फोटो हिशेबात धरायचे नाहीत. सुरुवातीची जास्तीची गळती आधी सांगायची. घरी कोण काय बोलतं हे विचारायचं, आणि आई किंवा बायको सोबत असेल तर त्यांच्यासमोरच सांगायचं, की तेलाचा, पाण्याचा आणि याच्या आळसाचा काही संबंध नाही. या एका वाक्याने घरातली निम्मी भांडणं मिटतात आणि पेशंट पुढच्या तारखेला येतो. यावर शेवटचा आक्षेप असतो तो पेशंटचाच : म्हणजे जन्मभर घ्यायचं? हो, फायदा टिकवायचा तर घेत राहावं लागतं. थांबवलं की साधारण सहा महिने ते वर्षभरात राखलेले केस जातात आणि औषध न घेता जी स्थिती आली असती तिथे माणूस पोहोचतो. त्याहून वाईट काही होत नाही. काहीजण लग्न झाल्यावर थांबवतात, काही चाळिशीत, काही पैशांपायी. ठरवून, सांगून थांबवलं असेल तर मी त्यांच्या केस-पेपरवर 'उपचार सोडला' असं लिहीत नाही. 'पेशंटच्या निर्णयाने बंद' असं लिहितो आणि शेवटचा फोटो जोडून ठेवतो.